कुत्रं घ्यायचं, पण कोणत्या कामाला?

सुगी जवळ आली की आमच्या कार्यालयात येणारे प्रश्न ठरलेले असतात. तुरीच्या शेंगा अळी पोखरतेय, हरभरा मर रोगाने वाळतोय, विम्याचे पैसे कधी जमा होणार. गेल्या पंधरवड्यात मात्र वेगळाच प्रश्न आला. उदगीर तालुक्यातल्याच एका गावचे पन्नाशीचे शेतकरी आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आज पिकाचं काही नाही. एक कुत्रं सांगा."

"कसलं कुत्रं पाहिजे, मामा?"

"असं बघा, माळावर तितर दडलेला असला की दाखवून देणारं. सशाला गाठणारं. तळ्यात बदक पडलं तर पवत जाऊन काढून आणणारं. रातच्याला डुकरं हाणणारं. अन् घरी लेकराबाळांत गरीबावानी राहणारं. भाचा म्हणतोय, पुण्यात असली इंग्रजी जात मिळती. पंचवीस हजार मागायलेत."

बरोबर भाचाही होता. त्याने मोबाईल पुढे केला. हरभऱ्याच्या रानात दोन कुत्री सशामागे सुटली आहेत, मागून पोरांचा आरडाओरडा, शेवटी ससा कुत्र्याच्या तोंडात. "हे आमचं जुनं कुत्रं. गावच्या ग्रुपवर टाकलंय, लई जणांनी बघितलं," भाचा कौतुकाने सांगत होता. मी म्हणालो, "बाळा, हा गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि तो तू आपल्या हाताने गावभर वाटलास." दोघांचेही चेहरे उतरले.

त्या दिवशी त्यांच्याशी तासभर बोलणे झाले. हाच प्रश्न आणखी पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून ते सगळे इथे सविस्तर देत आहे.

सर्व कामाचे कुत्रे खरेच असते का?

असते, पण ते दुसऱ्या मुलखात आणि दुसऱ्या कामासाठी तयार झाले. युरोपात बंदुकीने पक्षी मारण्याची पद्धत रुळली, तेव्हा गवतात दडलेला पक्षी शोधून देणारा कुत्रा हवा होता. हा कुत्रा पक्ष्याच्या अंगावर धावत जात नाही. वास लागला की जागच्या जागी थबकतो, नाक पक्ष्याच्या दिशेला, पुष्कळदा पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ. शिकारी जवळ येईपर्यंत तो हलत नाही. बोट दाखवावे तसा तो उभा राहतो म्हणून त्याला पॉइंटर म्हणतात. सेटर ही जातही अशाच कामाची. पाण्यात पडलेले बदक तोंडात धरून, दात न लावता आणून देणारे रिट्रीव्हर वेगळे. लॅब्रॅडॉर हे मुळात त्या कामाचे कुत्रे.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या शिकाऱ्यांनी ही सगळी कामे एकाच कुत्र्याकडून करून घेण्याचा ध्यास घेतला. माळावर पक्षी दाखवायचा, जखमी जनावराचा माग काढायचा आणि तळ्यातून बदकही आणायचे. त्यातून जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर यासारख्या जाती तयार झाल्या. मामा जे कुत्रे मागत होते, ते हेच.

मात्र त्या देशांतही हा कुत्रा नुसता विकत घेऊन काम करत नाही. परवाना असलेला मालक, ठरलेला शिकारीचा हंगाम आणि दोन-दोन वर्षांची शिकवण यांवर ते सगळे उभे आहे. शिवाय या कुत्र्याला रोज मैलोगणती पळावे लागते. त्याला आखाड्यावर साखळीला बांधले, तर तो वेड्यासारखा भुंकतो, कोंबड्यांच्या मागे लागतो, जमीन उकरतो. मग मालक म्हणतो, जातच खोटी. जात खोटी नसते, त्याला दिलेले काम खोटे असते.

ब्रिटिश अमदानीत गोरे साहेब आणि संस्थानिक पॉइंटर, सेटर, स्पॅनिएल विलायतेहून आणवत. इथला उन्हाळा आणि गोचिडांमुळे येणारा ताप हे त्या कुत्र्यांचे मोठे शत्रू होते. ते दोन्ही शत्रू आजही आपल्याकडे तसेच आहेत. वैशाखात पारा चाळिशीपार जातो तेव्हा आपली देवणी गायसुद्धा सावली शोधते. थंड मुलखातल्या कुत्र्याने काय करावे?

आपल्याकडे कुत्र्याने शिकार म्हणजे तुरुंग

आता मुख्य मुद्दा. तितर दाखवणारा, ससा गाठणारा, बदक आणणारा कुत्रा निवडायचा कशाला? ते कामच आपल्या देशात बंद झाले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. या कायद्यात शिकारीचा अर्थ फक्त बंदुकीने मारणे असा नाही. पकडणे, कुत्रे मागे घालून पाठलाग करणे, फासे लावणे, हाकारा घालणे, आमिष दाखवणे हे सगळे त्यात येते, आणि तसा प्रयत्न करणेसुद्धा येते. म्हणजे ससा निसटला, हाती काहीच लागले नाही, तरी कुत्रे मागे सोडले हा गुन्हा होतोच.

आपल्या भागातले काळवीट, चिंकारा आणि मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार या गुन्ह्याला किमान २५ हजार रुपये दंडही आहे. ससा, तितर, लावा, रानबदक यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. गुन्ह्यात वापरलेले वाहन, हत्यार, जाळे सरकारजमा होते. मोटारसायकलवर बसून, कुत्री घेऊन, 'जरा माळावर चक्कर मारून येऊ' म्हणणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे. वकिलाच्या फीत एका हंगामाचे सोयाबीन जाते.

हिवाळ्यात आपल्या साठवण तलावांवर, तिरू प्रकल्पाच्या पाण्यावर उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात. त्या काळात तळ्याच्या काठी मोकळी कुत्री सोडू नयेत. काठावरच्या गवतात टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. आपल्या कुत्र्याला खेळ वाटतो आणि तिकडे त्यांची वीण उद्ध्वस्त होते. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग कोल्ह्या-लांडग्यांनाही लागतो, हेही लक्षात असावे.

यावर मामांनी लगेच विचारले, "मग साहेब, डुकरानं अख्खं रान लोळवलं तर आम्ही बघत बसावं का?" प्रश्न रास्त आहे. त्याला दोन वाटा आहेत. पहिली नुकसानभरपाईची. रानडुक्कर, हरीण, रोही अशा वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले, तर घटनेपासून ३ दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्यावा. सोबत सातबारा आणि नुकसानीचे फोटो ठेवावेत. वन, महसूल आणि कृषी खात्याची माणसे मिळून पंचनामा करतात. पुष्कळ अर्ज नुसत्या उशिरामुळे बाद होतात. म्हणून सरपंच व गावच्या कर्मचाऱ्यांनी हा मुद्दा ग्रामसभेत वाचून दाखवावा. दुसरी वाट म्हणजे उपद्रवी रानडुकरांबाबत वनविभागाच्या लेखी परवानगीची. ती मिळाल्याशिवाय काहीही करू नये.

तारेत वीज सोडणे, पिठाच्या गोळ्यात स्फोटक घालणे, विषारी आमिष ठेवणे हे तर कधीच करू नये. त्यात पहिला बळी पुष्कळदा आपल्याच कुत्र्याचा, बैलाचा नाहीतर सालगड्याच्या लेकराचा जातो.

आपल्या मातीतले कारवानी आणि पश्मी

विलायती कुत्र्यापायी पंचवीस हजार मोजायला निघालेल्या माणसाला मी विचारले, "मामा, आपल्या जिल्ह्यात कोणती कुत्री नावाजलेली आहेत, ठाऊक आहे का?" उत्तर त्यांनाच ठाऊक होते. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव पश्मी आणि कारवानी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. मराठवाडा, सोलापूर आणि खाली कर्नाटकात मुधोळपर्यंत या कुत्र्याचा मुलूख आहे.

कारवानी हे नाव कारवान, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यावरून आले. पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनमध्ये उतरले असे मानतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर. ज्याच्या कानांवर, शेपटीवर, पायांवर रेशमासारखे लांब केस ते पश्मी, आणि ज्याचे अंग तुळतुळीत ते कारवानी. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांची निगुतीने पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव पडले. कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या देशातल्या दोन मोठ्या संस्थांपैकी एक याला कॅरव्हान हाउंड म्हणते, तर दुसरी मुधोळ हाउंड.

२००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीतही ही जात आहे. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनी तिचा उल्लेख केला. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी श्वान संशोधन केंद्र आहे. ते आपल्या शेजारच्या बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली चालते.

हा कुत्रा पॉइंटरच्या अगदी उलट आहे. पॉइंटर नाकाने काम करतो, कारवानी डोळ्याने. लांब डोके, खोल छाती, वर ओढलेले पोट, लांब पाय असा त्याचा घाट. नराची उंची खांद्याशी साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादी थोडी लहान. वजन पंचवीस किलोच्या आसपास. दोन-चार फासळ्या दिसणे हे त्याच्यात उपासमारीचे नव्हे, तंदुरुस्तीचे लक्षण आहे. लांबवर काही हलले की त्याला दिसते आणि दिसले की तो सुटतो. तो थबकून पक्षी दाखवणार नाही. पाण्यात पोहत जाऊन बदक आणण्याचीही त्याच्याकडून आशा करू नये. ते त्याच्या रक्तातच नाही.

त्याचे गुण वेगळे आहेत. ऊन सोसतो, खायला कमी लागतो, घरच्या माणसाला जीव लावतो आणि परक्याला अंगाला हात लावू देत नाही. रात्री कान तिखट. आखाड्याच्या राखणीला एवढे पुरे आहे. दोषही सांगायला हवेत. अंगावर चरबी नसल्याने त्याला थंडी बाधते, पौषात खाली पोते आणि वर आडोसा लागतो. कातडी पातळ, त्यामुळे काटेरी तारेने चटकन फाटते. आणि एकदा पळायला सुटला की मालकाची हाकही त्याला ऐकू येत नाही.

काम सांगा, मग कुत्रं निवडा

आपल्याकडे म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या. पाच कामांना एक कुत्रे शोधणाऱ्याच्या पदरी तेच पडते. म्हणून आधी काम ठरवावे.

घराची आणि आखाड्याची राखण करायची असेल, तर गावातल्याच चांगल्या, जाग्या कुत्रीचे गावठी पिल्लू घ्यावे. पैसे पडत नाहीत, आजाराला काटक असते, भाकरीवर भागते. गावठी म्हणून नाक मुरडू नये. चोराला जात कळत नाही, भुंकणे कळते.

मोठे रान आहे, रात्रीची जागल करावी लागते, हरणांचे कळप किंवा डुकरे येतात, तर एक गावठी आणि एक कारवानी अशी जोडी चांगली. गावठी भुंकून कळवते, कारवानी बांधापर्यंत झेप घेते. पण दोघांनाही बांधाच्या आतच थांबायला शिकवावे लागते. आपल्या बांधाच्या आत भुंकून हुसकावणे ही राखण. माळावर दोन कोस पाठलाग करणे ही शिकार. हा फरक कुत्र्याला कळत नाही, मालकाला कळायला हवा. आणि एकट्या कुत्र्याला मोठ्या डुकरावर कधीही छू करू नये. डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेले कुत्रे टाके घालूनही वाचेल याची खात्री नसते.

शेळ्या-मेंढ्यांच्या कळपाला लांडग्याचे भय असेल, तर धनगरांकडचे कुत्रे बघावे. ते पिल्लूपणापासून मेंढरांतच वाढलेले असते, मेंढरांना आपले समजते. अशा कामाला कारवानी नको. पळणारे कोकरू बघून त्याच्या मनात भलतेच येऊ शकते.

हौस म्हणून, जातीसाठी पाळायचे असेल, तर पश्मी किंवा कारवानी जरूर पाळावे. पण रोज पहाटे त्याला पळवायला वेळ आणि मोकळी जागा असली तरच.

आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉइंटर? ज्याच्याकडे पंखा, सावली, वेळेवर दवाखाना आणि पैसा आहे त्याने विचार करावा. कोरडवाहू पाच एकरवाल्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पिल्लू कसे पारखावे

पाण्यात म्हैस आणि वर मोल, असा व्यवहार कुत्र्याच्या बाबतीत फार होतो. मोबाईलवर फोटो बघून पैसे पाठवले जातात आणि एसटी स्टँडवर पिल्लू हातात पडते. तसे करू नये.

पहिली गोष्ट, आई बघावी. खाण तशी माती. जमल्यास बापही बघावा. आई अंगावर येते, भेदरून कोपऱ्यात दडते की शांतपणे वास घेऊन बाजूला होते? तिसरी असेल तर पिल्लू घ्यायला हरकत नाही.

दुसरे, वय. २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. त्यामागे कारण आहे. आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लू चावा आवरायला शिकते. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. नोकरीला लागलो त्या वर्षी एका बाजारातून 'दोन महिन्यांचे' म्हणून कारवानी पिल्लू आणले. दात बघता ते फार तर पाच आठवड्यांचे होते. लस टोचली आहे असे तोंडी सांगितले, कागद काही नव्हता. पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली आणि आठव्या दिवशी ते गेले. पार्वो होता. पैशापेक्षा घरातल्या लेकरांचे रडणे जास्त जिव्हारी लागले.

तिसरे, अंग. डोळे स्वच्छ, नाकातून पाणी नाही, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नाही. फुगलेले पोट म्हणजे जंत. शेपटीखाली घाण चिकटलेली नसावी. हिरड्या गुलाबी असाव्यात, पांढऱ्या फटक असतील तर रक्त कमी आहे. चाल बघावी, मागचे पाय लडखडतात का ते बघावे.

चौथे, स्वभाव. सगळ्या पिल्लांपासून थोडे दूर बसावे आणि टाळी वाजवावी. दचकून पळून गेलेले आणि परत न आलेले घेऊ नये. सगळ्यांना चावत सुटणारेही नको. दचकले, पण लगेच चौकशीला पुढे आले, ते आपले.

पाचवे, भेसळ. वेग वाढावा म्हणून काही जण कारवानीचा ग्रेहाऊंडशी संकर करतात आणि पिल्ले अस्सल म्हणून विकतात. अशा पिल्लांत मूळ काटकपणा कमी होतो. ओळखायला कठीण आहे, म्हणूनच आई-बाप आणि आधीच्या वितीची मोठी झालेली पिल्ले बघण्याचा आग्रह धरावा.

पहिल्या वर्षाची निगा

पिल्लू घरी आले की दोन दिवस त्याला शांत राहू द्यावे. मग दवाखान्यात न्यावे. उदगीरकरांना तर त्यासाठी लांब जायचेच नाही. १९८७ पासून आपल्या गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाय-म्हैस घेऊन आपण तिथे जातो, पण कुत्रे घेऊन जायची लाज वाटते. ही लाज सोडावी.

जंताचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी द्यावे. पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चौथ्या महिन्यापर्यंत पूर्ण करावी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची मात्रा आणि त्यानंतर दरवर्षी न चुकता. कार्डावर तारीख, लसीचे नाव आणि डॉक्टरांची सही घ्यावी.

रेबीजबद्दल थोडे जास्त लिहितो. हा रोग एकदा उमटला की माणूस वाचत नाही. कुत्रे चावले, ओरखडले, अगदी घरचे पिल्लू असले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. चुना, हळद, तिखट काही भरू नये. गंडादोरा करण्यात दिवस घालवू नये. लसीचे सगळे डोस पूर्ण करावेत. गावातल्या शाळेत गुरुजींनी हे मुलांना महिन्यातून एकदा सांगितले तरी मोठे काम होईल.

खाणे साधे ठेवावे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. नुसत्या ज्वारीच्या भाकरीच्या काल्यावर हाड भरत नाही. जोडीला अंडे, ताक-दूध, डाळ, जमेल तेव्हा मांसाचे तुकडे द्यावेत. शिजवलेली कोंबडीची हाडे देऊ नयेत, ती आतडे फाडतात. कांदा-लसूणही नको. पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत ते मरते.

गोचीड रोज हाताने चाचपून काढावी. कानात, बोटांच्या बेचक्यात ती दडून बसते. कुत्रे मलूल झाले, ताप आला, लघवी लालसर झाली तर घरगुती उपाय करत बसू नये. फवारणीचे कीटकनाशक अंगाला चोळण्याची खोड काहींना आहे. त्याने गोचिडाआधी कुत्रे मरते.

शिकवणीत पहिली गोष्ट म्हणजे हाकेला परत येणे. भाकरीचा तुकडा हातात ठेवून, रोज पाच मिनिटे, पिल्लू असतानाच. दुसरी, कोंबड्या, शेळ्या, वासरे यांची सवय. त्यांच्यात पट्टा धरून फिरवावे. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे चावरे होते. आणि कारवानी पाळणाऱ्याने एक काम आधी करावे, शेतातल्या उघड्या विहिरीला कठडा घालावा किंवा निदान काट्याचे कुंपण करावे. जोरात पळणाऱ्या कुत्र्याला विहीर दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

जात टिकवायची तर

आपण देवणी घ्यायला हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जातो, तेव्हा वानेरा की शेवरा, वशिंड कसे, कास कशी, दहा गोष्टी बघतो. म्हणूनच देवणीचे नाव राहिले. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण कुणाचाही कुणाशीही संयोग होऊ देतो आणि मग अस्सल राहिले नाही म्हणून हळहळतो.

ज्यांच्याकडे चांगली कारवानी किंवा पश्मी मादी आहे त्यांनी वही घालावी. पिल्लाची जन्मतारीख, आई, बाप, कुणाला दिले, एवढे लिहिले तरी पुरे. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला नर दाखवू नये, नियमही तेच सांगतो. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वीत घेऊ नये. नातेसंबंधातल्या नराशी संयोग टाळावा. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, त्यातले शेवटचे तीन आठवडे खुराक वाढवावा. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती करावी. शहरातून मागणी आहे म्हणून मादीला यंत्रासारखे राबवले, तर चार वर्षांत मादीही जाते आणि नावही जाते.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत. त्या यात्रेत घोडे-गाढवांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरते. चांगले कारवानी कसे असते ते डोळ्यांनी बघायचे असेल, तर एकदा तिथे जाऊन यावे. घाई न करता, चार मालकांशी बोलून, मग ठरवावे. ज्या कामासाठी ही जात घडली ते काम कायद्याने थांबले, आणि ते बरोबरच झाले. माळावरचे ससे-हरीण संपल्यावर कुत्र्याच्या वेगाचे कौतुक कुणापुढे करायचे? पण राखण, सोबत आणि नाव या तिन्हींसाठी ही जात टिकायला हवी. शिकारीचा एकेक गुन्हा नोंदला गेला की बदनामी त्या पोराबरोबर या जातीचीही होते.

मामांनी शेवटी काय केले? पंचवीस हजारांचे विलायती कुत्रे रद्द झाले. घरच्या गावठी कुत्रीला रेबीजची लस टोचून आणली. माळेगावहून येताना पिल्लू आणायचे की नाही ते विहिरीला कठडा झाल्यावर बघू, असे म्हणाले. भाच्याला मी एकच सांगितले, कुत्र्याची हौस आहे ना, मग त्याला हाक मारल्यावर परत यायला शिकव आणि ती चित्रफीत गावाला दाखव. सशामागे सुटलेले कुत्रे कुणीही सोडू शकतो. सुटलेले कुत्रे एका हाकेत थांबवतो तो खरा मालक.